साक्षीदारांची नावं वाचा

माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आमचं मूळ आडनाव काय होतं? वसईतला डिसोजा असो, बार्देशातला फर्नांडिस असो की टोरोंटोत वाढलेला एखादा परेरा, पोर्तुगीज आडनावाच्या मागे दडलेलं एक जुनं नाव प्रत्येकाला हवं असतं. पाटील, वर्तक, नाईक, कामत, काही का असेना. चर्चच्या जुन्या वह्यांत ते कुठेतरी लिहिलेलं असणारच, पोर्तुगीज वाचणाऱ्या कुणीतरी ते शोधून द्यायचं तेवढं बाकी आहे, अशी त्यांची पक्की समजूत असते. मी वसईची. मोडी आधी शिकले, पोर्तुगीज नंतर, आणि आता बरीच वर्षं ह्या वह्या वाचण्यातच जातात. म्हणून येणाऱ्याला मी आधीच सांगून टाकते की ते नाव तिथे बहुतेक वेळा मिळत नाही. मिळतं ते वेगळंच, आणि मला विचाराल तर जास्त मोलाचं. पण ते पाहायला माणसाला तयार करावं लागतं. माझ्या कामातला मोठा वाटा ह्या तयारीचाच आहे.

वही कुणी लिहिली आणि कशासाठी, इथून सुरुवात करावी लागते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं विवाहाचे नियम घालून दिले. लग्नाआधी तीन वेळा चर्चमध्ये जाहीर घोषणा व्हायची, लग्न धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर लागायचं आणि त्याची नोंद धर्मगुरूनं वहीत करायची. चोरून लावलेली लग्नं थांबवणं हा त्यामागचा हेतू होता. त्याच वेळी स्नानसंस्काराची वहीही सक्तीची झाली आणि तिच्यात धर्मपिता-धर्ममाता यांची नावं लिहायलाच हवीत असं ठरलं. कारण धर्मपित्याचं मुलाशी आणि मुलाच्या आईबापाशी जे नातं जुळतं ते ख्रिस्तसभेच्या लेखी खरं नातं होतं, आणि त्या नात्यात लग्न होत नसे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं मृत्यूची वही आणि घरवार माणसांची यादीही त्यात घातली. म्हणजे ही सगळी व्यवस्था कोण कुणाशी लग्न करू शकतो आणि कोण नाही, हे ठरवण्यासाठी उभी राहिली. आपली वंशावळ सांगणं हा तिचा उद्देश कधीच नव्हता. ही गोष्ट मनात ठेवून वही उघडली की नजर आपोआप दुसरीकडे जाते. आईबापाची नावं सगळेच वाचतात. मी सांगते, त्याखालची वाचा.

जुनं नाव का सापडत नाही त्याचं कारण साधं आहे. गोव्यात १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बार्देस-सासष्टी पोर्तुगिजांकडे गेले, आणि धर्मांतरांचा मोठा भर त्या शतकातला. पाणी घालणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगिजाचं आडनाव नव्या ख्रिस्ती माणसाला लागलं. पण आज जी पानं हाताला लागतात ती बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. तोवर कुटुंबाला ख्रिस्ती होऊन निदान चार-पाच पिढ्या उलटलेल्या असतात. वहीतल्या बाळाचा पणजोबासुद्धा डिसोजाच असतो. जुन्या नावांचा माग लागलाच तर तो गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या, कागदांत, वांगडांच्या (गावकार घराण्यांच्या) आणि झोण (उत्पन्नाचा वाटा) घेणाऱ्या गावकारांच्या याद्यांत लागण्याची शक्यता जास्त. तेही तुमचं घर गावकारांपैकी असेल तर. ज्यांच्याकडे जमिनीचा हक्कच नव्हता, त्यांच्यासाठी चर्चची वही हाच एकमेव कागद. म्हणून मला ह्या वह्यांबद्दल इतकी आस्था आहे. राजाच्या, कंपनीच्या, गावकारीच्या दप्तरात ज्यांना जागा नव्हती त्यांचीही जन्मतारीख इथे लिहिलेली आहे.

एकाच नोंदीवर बोट ठेवून सांगते. बार्देशातल्या एका फिर्गजेतली, म्हणजे धर्मग्रामातली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. डावीकडे समासात अनुक्रमांक आणि मुलीचं नुसतं पहिलं नाव. मग एकाच लांबलचक वाक्यात सगळं : अमुक महिन्याच्या अमुक दिवशी ह्या चर्चमध्ये, विगाराच्या (चर्चच्या मुख्य धर्मगुरूच्या) परवानगीनं, मी अमुक पाद्री हिला स्नानसंस्कार दिला आणि पवित्र तेल लावलं, ही आठ दिवसांपूर्वी जन्मली, अमुक आणि अमुक यांची औरस मुलगी, बाप ह्याच गावच्या अमुक वाड्यातला, आई शेजारच्या फिर्गजेतली, बापाकडून ह्यांची नात, आईकडून त्यांची, धर्मपिता हा, धर्ममाता ही, खाली सही.

कुटुंबातला माणूस आईबापाची आणि आजीआजोबांची नावं टिपून घेतो आणि पान उलटायला निघतो. मी त्याचा हात धरते. ‘औरस’ लिहिलंय म्हणजे आईबापाचं लग्न चर्चमध्ये लागलेलं आहे, तेव्हा लग्नाची नोंद कुठेतरी आहे. आई शेजारच्या फिर्गजेतली, आणि लग्न सहसा नवरीच्या चर्चमध्ये लागतं, तेव्हा पुढची वही तिथली मागायची. आईकडच्या आजोबाच्या नावापुढे ‘मृत’ अशी खूण आहे, म्हणजे त्याची मृत्यूची नोंद ह्या तारखेच्या अलीकडे शोधायची नाही, मागे शोधायची. संस्कार विगारानं न करता त्याच्या परवानगीनं दुसऱ्याच पाद्र्यानं केलाय. घरातलाच कुणी पाद्री असला तर तो आपल्या भाचीसाठी असा हमखास येत असे, तेव्हा त्याचं आडनाव आईच्या माहेरच्या आडनावाशी ताडून पाहायचं. धर्ममातेला सही करता आलेली नाही, धर्मपित्याला आलीय, आणि त्याचं वळण सराईत आहे : हा लिहिणारा-वाचणारा माणूस, कदाचित गावातल्या चर्चच्या शाळेचा मास्तर. एका नोंदीतून पुढच्या सहा नोंदींचे पत्ते निघाले. ह्यात आडनावाच्या उगमाबद्दल एक अक्षर नाही, पण घर उभं राहायला लागलं.

वाचण्याच्या अडचणी असतात, पण त्या सवयीच्या आहेत. सप्टेंबर महिना सात हा आकडा काढून त्याला शेपूट जोडून लिहिलेला असतो. नवखा माणूस त्याला जुलै समजतो आणि दोन महिने मागचं पान शोधत बसतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तसेच आठ, नऊ, दहाच्या आकड्यांनी. रॉड्रिग्ज हे नाव ‘रोइझ’ असं आखडून लिहिलेलं असतं, फर्नांडिसची तर दोन-तीन व्यंजनंच उरतात. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जुन्या पोर्तुगीज रिवाजात आडनाव पक्कं नव्हतं. एका बहिणीला बापाचं आडनाव, दुसरीला आईचं, तिसरीला ‘रोझारिओ’ किंवा ‘जेझुस’ असं भक्तीतून आलेलं. सख्ख्या बहिणी तीन घरच्या वाटाव्यात. त्यांना एकत्र आणतात ते साक्षीदार आणि धर्ममाता.

एका कुटुंबाचं काम माझ्या मनात कायमचं राहिलंय, कारण ते पूर्ण अडलं होतं आणि बाजूच्या नावांनीच ते सोडवलं. नवऱ्याकडच्या गावची मधली वही वाळवीनं इतकी खाल्ली होती की पानं एकमेकांपासून सुटत नव्हती. दोन पिढ्यांचा घास गेलेला. त्या खिंडाराच्या अलीकडे एक लग्नाची नोंद होती आणि तिच्यात एक ओळ : वधूवरांना रक्तसंबंधाच्या तिसऱ्या पायरीच्या अडथळ्यातून सूट मिळालेली आहे.

ख्रिस्तसभा ह्या पायऱ्या समान पूर्वजापासून खाली मोजते. सख्खी भावंडं पहिल्या पायरीवर, चुलत-मावस-आते-मामे भावंडं दुसऱ्या, त्यांची मुलं तिसऱ्या. १२१५ पासून १९१७ च्या नव्या विधिसंहितेपर्यंत चौथ्या पायरीपर्यंत लग्नाला मनाई होती, आणि लग्न करायचंच तर सूट मागून घ्यावी लागे. गोव्यात आणि वसईत लग्नं त्याच त्या चार-पाच गावांत आणि त्याच जातीत होत, त्यामुळे अशा सुटी वह्यांत पदोपदी भेटतात. तिसरी पायरी याचा अर्थ नवरा-नवरीचं एक पणजोबा-पणजीचं जोडपं समान आहे. नवऱ्याची वही गेली होती, पण नवरीचं गाव वेगळं होतं आणि तिथल्या वह्या शाबूत होत्या. तेव्हा मी नवरीकडून वर चढत गेले.

नवरीची पणजोबा-पणजीची जोडपी चार. त्यातलं कुठलं ते नोंद सांगत नाही. एक जोडपं असं होतं की पणजोबा मूळ नवऱ्याच्या गावचा, पण आडनाव वेगळं, त्यामुळे नुसत्या आडनावावर काही ठरवता येईना. मग मी त्या जोडप्याच्या सगळ्या मुलांच्या स्नानसंस्कारांच्या नोंदी काढल्या आणि फक्त धर्मपिता-धर्ममाता वाचले. तिसऱ्या मुलीची धर्ममाता होती तिच्या थोरल्या बहिणीची सासू. थोरली बहीण पलीकडच्या गावी दिलेली, आणि तिचा नवरा वही खाल्ली गेलेल्या त्याच घरातला. पुढे त्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव दुसऱ्या एका लग्नात साक्षीदार म्हणून आलं, नात्याच्या उल्लेखासह. खिंडारावर पूल पडला. कुटुंबाला सलग ओळ मिळाली याचा आनंद झाला. मला त्याहून जास्त समाधान ह्याचं वाटलं की जिच्यामुळे ती ओळ जुळली ती बाई त्या ओळीत बसतच नव्हती. वंशावळीच्या तक्त्यात धर्ममातेसाठी चौकट नसते. मी ती हातानं आखून दिली.

सुईणीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाळ जगेल की नाही अशी शंका आली तर पाद्र्याची वाट न पाहता कुणीही त्याला पाणी घालू शकतं, अशी ख्रिस्तसभेची शिकवण. बाळंतपणाच्या खोलीत हे काम सुईणीकडे येई. अशा बाळांची नोंद वहीत वेगळी लिहिलेली असते : संकट असल्यानं घरीच अमुक बाईनं पाणी घातलं. बाळ वाचलं तर नंतर चर्चमध्ये आणून राहिलेले विधी पूर्ण करायचे, आणि घरी नीट झालं की नाही याची शंका असली तर ‘अट घालून’ पुन्हा संस्कार करायचा. दगावलं तर मृत्यूच्या वहीत एक ओळ, कधी नुसतं ‘निरागस बालक’ एवढंच.

एका वहीत अशीच एक सुईण मला पुन्हा पुन्हा भेटली. वर्षामागून वर्ष, वेगवेगळ्या वाड्यांवर, श्रीमंतांच्या घरी आणि माडी काढणाऱ्या रेंदेराच्या झोपडीत. विगार बदलले, अक्षराचं वळण बदललं, शाई बदलली, तिचं नाव तेच. मग मी तिची स्वतःची मृत्यूची नोंद शोधली. विधवा, वय अंदाजे, मृत्युपत्र केलं नाही, सगळे संस्कार घेतले, गरीब म्हणून मोफत पुरलं. गावातल्या निम्म्या माणसांना तिनं जगात आणलं आणि काहींना परमेश्वराच्या स्वाधीनही केलं. त्या गावातून जो कुणी मला विचारायला येतो, त्याच्या पूर्वजांच्या जन्माच्या वेळी ती हजर होती का ते मी आधी बघते, आणि असली तर तिचं नाव सांगते.

काही नोंदी वाचून दाखवताना माणसं गप्प होतात. अठराव्या शतकातल्या गोव्याच्या वह्यांत ‘गुलाम’ असा उल्लेख असलेली बाळं आहेत. आईचं नाव, ती कुणाच्या मालकीची ते नाव, आणि बापाच्या जागी काही नाही. आफ्रिकेतून, बहुधा मोझांबिककडून, आणलेल्या माणसांची ही मुलं. पुष्कळदा त्यांचे धर्मपिता-धर्ममाताही दुसऱ्या घरचे गुलामच असतात. समुद्रापलीकडून उखडून आणलेली माणसं एकमेकांच्या लेकरांची धर्ममाता होत होती. पोर्तुगालनं आपल्या मुलखातली गुलामी कायद्यानं संपवली ती १८६९ मध्ये. ज्यांच्या घराण्याच्या नावापुढे असा ‘मालक’ म्हणून उल्लेख आलाय, त्यांपैकी काही मला तो भाग सोडून द्यायला सांगतात. मी सोडत नाही. कुटुंबाचा इतिहास हवा असेल तर त्या घरात जी माणसं राबली त्यांची नावंही त्यात येतील, नाहीतर मी काम घेत नाही.

जातीचंही तसंच. ख्रिस्ती झाल्यावरही ब्राह्मण, चारडो, शूद्र हे भेद गेले नाहीत, आणि गोव्यातल्या कित्येक विगारांनी ते नोंदीत लिहूनही ठेवले. चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे भक्तमंडळ्या, जातीनुसार वेगळ्या होत्या, त्यामुळे विगाराला ते माहीत असणं भागच होतं. कुणीकुणी फक्त त्या एका शब्दासाठी येतं. मी पूर्ण नोंद वाचून देते. त्यातला तेवढा शब्द कापून, प्रमाणपत्रासारखा हातात देणं मला पटत नाही.

पोर्तुगीज नागरिकत्वासाठी कागद गोळा करणारेही बरेच येतात. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं. त्यांना घाई असते आणि त्यांचं काम बहुतेक मुलकी नोंदणीच्या दप्तरात होतं, कारण पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर जन्म-मृत्यू-लग्नाची मुलकी नोंदणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोव्यातही सुरू झाली. त्यामागचं काही हवं असेल तरच चर्चची वही. त्यातले काही जण मात्र कागद मिळाल्यावर पुन्हा येतात, ह्या वेळी घाई नसलेले, आणि म्हणतात, आता आजीचं बघूया.

माझ्या वसईची गोष्ट गोव्यापेक्षा वेगळी, आणि जास्त अवघड. १५३४ च्या तहानं वसई गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगिजांकडे आली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. युरोपीय पाद्री आणि संघ निघून गेले, कित्येक चर्च पडली, आणि मागे राहिलेल्या सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी ख्रिस्ती समाजाची काळजी गोव्याहून आलेल्या पाद्र्यांनी वाहिली. त्या पाद्र्यांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. भोवती परकं राज्य, हाताशी पैसा नाही, पण वह्या लिहिणं त्यांनी थांबवलं नाही. आज वसईत मागे जाता येतं ते बहुतांशी त्यांच्यामुळे. १७३९ च्या पलीकडचं मात्र फारच थोडं उरलं आहे.

इथे मला मोडी कामी येते. मराठी अमलात वसईची जमीन, वाडी, माडाची झाडं, कर हे सगळं मोडी कागदांत गेलं आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात त्यातलं पुष्कळ जपलेलं आहे. चर्चच्या वहीत जो माणूस संताचं लॅटिन वळणाचं नाव घेऊन येतो, तोच मोडी कागदात कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसा उतरतो, पण बापाच्या नावासह आणि शेताच्या नावासह. चर्चची वही नातं सांगते, मोडी कागद जागा सांगतो. दोन्ही एका टेबलावर ठेवून वाचणारी माणसं फार कमी आहेत. मराठी मुलखातल्या तरुण अभ्यासकांनी इकडे वळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पोर्तुगीज वाटते तितकी कठीण नाही. वहीतलं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या तेच असतं, एकदा बसलं की बसलं.

मुंबई, साष्टी आणि वसई ह्या पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून कार्मेलाइट पाद्र्यांना आणलं. तेव्हापासून कॅथलिकांत दोन अधिकार सुरू झाले, एक गोव्याच्या आर्चबिशपचा आणि एक थेट रोमकडून आलेल्या बिशपांचा, आणि हे १९२८ पर्यंत चाललं. एकाच गावात दोन चर्च, दोन वह्या. घरातल्या चार मुलांपैकी तिघं एका वहीत आणि चौथा गायब असेल तर तो मेला असं मी लगेच धरत नाही. ते घर मधल्या काळात विगाराशी बिनसून पलीकडच्या चर्चला जाऊ लागलं होतं का, हे आधी पाहते. पुष्कळदा चौथा तिथे सापडतो.

वसईचा दुसरा प्रश्न म्हणजे आडनावं मोजकीच. अर्धं गाव परेरा, उरलेलं लोपीस आणि डिसोजा. माणसं ओळखायची ती घराण्याच्या टोपणनावानं, आणि ते टोपणनाव वहीत कधीच येत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं. म्हणून चर्चमध्ये जाण्याआधी आत्याकडे जा, असं मी प्रत्येकाला सांगते. कुठल्या विहिरीवरचं पाणी भरायचो, कुणाच्या लग्नात पहिला मान कुणाचा, कुठल्या घरी सोयर जमत नाही, हे आधी लिहून आणा. त्याच्याशिवाय वहीतले पाच सारख्या नावाचे परेरा मला वेगळे करता येत नाहीत.

विसाव्या शतकातल्या नोंदींचा समास मला विशेष आवडतो. १९०८ पासून असा नियम झाला की माणूस जिथे लग्न करील तिथल्या चर्चनं त्याच्या जन्मगावच्या चर्चला कळवायचं आणि तिथल्या विगारानं ते स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी लिहायचं. त्यामुळे बार्देशातल्या एखाद्या वहीच्या समासात मुंबई, कराची, नैरोबी, लॉरेन्सु मार्किस अशी नावं उतरत गेलेली दिसतात. मुंबईत धोबीतलावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहून बोटीवर गेलेली मुलं, आफ्रिकेत कारकून झालेली मुलं, आणि त्यांच्यामागे लग्न होऊन गेलेल्या मुली. काही समास कोरेच राहतात. तो माणूस अविवाहित राहिला, लहानपणीच गेला, की कळवणारं पत्रच पोहोचलं नाही, हे मृत्यूची वही आणि घरची आठवण दोन्ही पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

‘पिता अज्ञात’ असं लिहिलेलं पान उघडलं की मी थांबते. ती नोंद शंभर वर्षांपूर्वीची असेल तर मी ती जशी आहे तशी वाचून दाखवते आणि शेजारी धर्मपिता कोण ते दाखवते, कारण अशा वेळी धर्मपिता म्हणून पुढे आलेला माणूस गावात उभा राहायला तयार होता हे महत्त्वाचं आहे. पण ज्याच्याबद्दल ती आहे तो माणूस हयात असेल, तर त्याच्या मुलांनी किंवा पुतण्यांनी कितीही विचारलं तरी मी त्यांना ते सांगत नाही. आधी त्याला, आणि तोही विचारील तेव्हाच. चर्चनं ही पानं विश्वासानं दाखवलेली असतात. काही धर्मगुरू वही बघू देत नाहीत, याबद्दल लोक माझ्याकडे तक्रार करतात. मला त्या धर्मगुरूंची भीती समजते. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेल्या एका पानामुळे एका म्हाताऱ्या बाईला जो मनस्ताप झाला तो मी पाहिलेला आहे.

वह्यांची प्रकृती नाजूक आहे. जुनी शाई लोखंडाच्या क्षाराची. ती कागदात मुरते आणि वर्षानुवर्षं त्याला पोखरत जाते. दाट हाताच्या विगाराची अक्षरं जाळी होऊन गळून पडतात आणि पानाला नेमकी अक्षराच्या आकाराची भोकं उरतात. त्यात आपला पावसाळा, कसर, वाळवी, आणि कधीकाळी कुणीतरी चांगल्या हेतूनं लावलेली चिकटपट्टी, जी आता पिवळी पडून अक्षरासकट सुटते. मी वही उशीवर अर्धी उघडी ठेवते, पूर्ण सपाट करत नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला लगेच थांबवते. फिक्या शाईवर बाजूनं तिरपा उजेड टाकला की खरडलेल्या टाकाचा चर दिसतो आणि अक्षर वाचता येतं. समोरून टाकलेल्या उजेडात तेच पान कोरं वाटतं.

आता बऱ्याच ठिकाणी वह्यांच्या प्रतिमा काढून त्यांची सूची करण्याचं काम चालतं, आणि ते व्हायलाच हवं. पण मी पाहिलेल्या बहुतेक सूच्यांत रकाने तेच : बाळाचं नाव, बाप, आई, तारीख. काम लवकर उरकायचं असतं म्हणून धर्मपिता, धर्ममाता, साक्षीदार, घरी पाणी घालणारी सुईण, सूट कुठल्या पायरीची हे सगळं गाळलं जातं. एकदा सूची झाली की माणसं सूचीच बघणार, वही कुणी उघडणार नाही. मग ती सुईण, ती धर्ममाता, ते गुलाम कुणाच्याच शोधात येणार नाहीत, आणि ज्यांची ओळ फक्त त्यांच्या नावांनी जुळते त्यांची ओळ तुटलेलीच राहील. म्हणून जिथे जिथे असं काम सुरू होतं तिथे मी सांगून ठेवते : वर्षाला कमी वह्या झाल्या तरी चालतील, रकाने पूर्ण ठेवा. एका धर्मग्रामानं हे मान्य केलंय. तिथल्या कॉलेजातल्या चार मुली दर शनिवारी माझ्याबरोबर बसतात. दोघी पोर्तुगीज वाचू लागल्यात, तिसरी मोडी शिकतेय, आणि चौथी गावातल्या म्हाताऱ्यांकडून घराण्यांची टोपणनावं लिहून आणते.